कोरडा देवमासा

खेळण्यांच्या दुकानात पुरुष एकटा आला की तो दोनपैकी एक असतो, असं तिचं गणित होतं. एक तर वाढदिवस विसरलेला, नाहीतर घरून चिठ्ठी देऊन पिटाळलेला. या माणसाच्या हातात चिठ्ठी नव्हती आणि घाईही दिसत नव्हती. तो थेट तिच्या काउंटरशी आला आणि टबात तरंगणाऱ्या पिवळ्या बदकाकडे, डॉक्टरनं पेशंटकडे बघावं तसा बघत राहिला.

"हे बुडत कसं नाही?"

"बुडणारी आम्ही मागे ठेवतो," ती म्हणाली.

आंघोळीच्या खेळण्यांचं कपाट तिच्याकडे होतं. नवा माल आला की प्रत्येकातला एक नग आधी तिच्या टबात उतरायचा. सरळ तरंगला, रंग सुटला नाही, की मगच बाकीचे फळीवर. दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे काकू म्हणत, तिला म्हणायच्या, "एवढी पारख नवरा बघताना केली असतीस तर..." हे वाक्य त्या कधी पूर्ण करत नसत. कारण पारख तिनं केलीच होती, आणि तीन स्थळं टबाच्या काठावरूनच परत गेली होती.

"कोणासाठी हवंय?"

"भाचीसाठी. दीड वर्षाची आहे. ताई सकाळच्या पाळीला जाते, म्हणून आंघोळ माझ्याकडे. एकदा डोळ्यात साबण गेला — माझ्याच हातून. तेव्हापासून बादली दिसली की घर डोक्यावर घेते."

"आणि मामा दिसला की?"

"मामाच्या हातात बादली नसेल तर हसते."

तिला हसू आलं; तिनं ते टबात बघत जिरवलं.

"तुमचंही पाण्याशी फारसं पटत नाही वाटतं. मघापासून बाह्या सांभाळताय."

"घड्याळं दुरुस्त करतो मी. पाणी आत गेलं की घड्याळ गेलं. अर्धा जन्म पाणी बाहेर काढण्यातच चाललाय."

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. पाण्याला भ्यालेल्या लेकराला काय लागतं, हे तिला पहिल्या मिनिटालाच ठाऊक होतं. एक रिकामा प्लास्टिकचा डबा, त्याच्या बुडाला झारीसारखी सात-आठ भोकं. बस्स. मग पाणी मुलावर चालून येत नाही, मूलच पाण्यावर हुकूम चालवतं. असा एक डबा नमुना म्हणून कायम तिच्या टबाशेजारी असायचा. "हे घरीच करा, विकत काही नको," असं रोज कुणाला ना कुणाला सांगून ती काकूंची बोलणी खायची. त्या दिवशी मात्र बोलता बोलता तिच्या हातानं तो डबा काउंटरखाली सारला.

"बदक न्या," ती म्हणाली. "नाही आवडलं तर मंगळवारी आणा परत."

मंगळवारच का, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

मंगळवारी बदक परत आलं. "चोच मोठी आहे म्हणते."

"दीड वर्षाची म्हणाली?"

"नजरेनं."

परत आलेल्या मालासाठी दुकानात एक वही होती, तिच्यात 'कारण' असा रकाना. तिनं गंभीर चेहऱ्यानं लिहिलं : चोच. तो समोरून, उलट्या बाजूनं वाचत होता.

"आता बेडूक बघा. पोटाला भोक आहे. पाणी भरून दाबलं की पिचकारी. पण रोज पिळून वाळवा हं. आत पाणी राहिलं तर काळी बुरशी धरते."

त्यानं मान अशी डोलावली की जणू जन्मभराची जबाबदारी अंगावर पडली.

पुढच्या मंगळवारी बेडूकही परत. "उडवतच नाही पाणी. ती रडली... मग मीही जवळजवळ रडलो."

तिनं बेडूक उलटा केला. भोकावर मोहरीएवढा चकचकीत ठिपका होता. सुबक, टणक.

"हे काय आहे?"

"तुम्हीच म्हणालात, पाणी आत गेलं तर बुरशी धरते. म्हणून सील केलं. तीस मीटर खोल गेला तरी थेंब आत जाणार नाही."

"बेडूक?"

"बेडूक."

ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरून काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, पाणी बाहेर उडायला हवं तर आधी आत जायला नको?"

"आमच्या धंद्यात हे कुणी शिकवत नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही शिकवा."

तिनं कारणाच्या रकान्यात लिहिलं : घड्याळजी. आणि पिचकारीचाच एक देवमासा त्याच्या हातावर ठेवला. या वेळी बोटं जरा जास्त वेळ एकमेकांना लागली. दोघांनीही देवमाशाकडे बघून घेतलं.

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "हा माणूस खेळणी परत करतोय की हजेरी लावतोय?"

"भाची रडते बिचारी."

"रडायची थांबली तर तू काय करशील ते बघ."

हा घाव नेमका बसला. पोर हसली की मामाचं येणं संपलं. आणि पोर हसावी म्हणून लागणारा डबा काउंटरखाली, तिच्या पायाशी पडलेला. आठवडाभर तो तिच्या पायाला लागत राहिला.

तिसऱ्या मंगळवारी तो आला तो नजर चुकवतच. "नाही जमलं. दोन दिवस पिचकाऱ्या उडवल्या, तरी रडारड."

पिचकारीचं खेळणं परत आलं की ते पुन्हा विकायचं नाही, कापून टाकायचं, असा तिचाच नियम. तिनं कात्री लावली. देवमासा दोन फाकांत उघडला... आणि ती थांबली. कारखान्यात साच्यातून सुटावा म्हणून लावलेली पांढरी पूड पोटात जशीच्या तशी होती. एक थेंब आत गेला असता तरी तिचे ओघळ झाले असते. भोकही उघडंच होतं, सील नाही.

देवमाशानं पाणी पाहिलंच नव्हतं.

तीन स्थळं यापेक्षा लहान खोट्यावर परत गेली होती. तिनं कात्री खाली ठेवली.

"भाची आहे ना... खरंच?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं पिशवीतून एक निळा डबा काढून काउंटरवर ठेवला. बुडाला सात भोकं, एकसारखी, घड्याळाच्या तबकडीवर शोभतील अशी.

"आहे. बेडकाचा पराभव झाल्यावर हा मीच केला, बारीक ड्रिलनं. गेल्या बुधवारपासून ती टबात शिरायला नाही, टबातून निघायला रडते."

"मग देवमासा?"

"पिशवीतून निघालाच नाही. ती रडायची थांबली, मग मी इथं कशाला यायचं? तुमच्या वहीत कारण लागतं..."

"म्हणून खोटं लिहायला लावणार होतात."

"हो."

त्यानं दुसरं काही जोडलं नाही. हे तिला आवडलं. त्याहून जास्त टोचलं.

ती वाकली आणि काउंटरखालचा डबा काढून त्याच्या डब्याशेजारी ठेवला. त्यानं तो उचलून उजेडात धरला.

"आठ. सुई तापवून पाडलीत. वाकडी आहेत."

"हा कायम टबाशेजारी असतो. तुम्ही आलात त्या दिवशी मी तो खाली सारला." तिचा आवाज कोरडा राहिला, पण कष्टानं. "दोन आठवडे तुमची भाची माझ्यामुळे रडली."

टबात त्यानं तिचा डबा बुडवला, वर उचलला. आठ वाकड्या धारा आठ दिशांना गेल्या, दोन त्याच्या बाहीत. त्यानं बाही सावरली नाही.

"साबण माझा होता," तो म्हणाला. "आणि तिला वाकड्या धारा जास्त आवडतील. रविवारी दहाला आंघोळ असते. ताईही घरी असते... तिला बघायचंय, बेडकावर इतकं हसलं कोण."

"येईन. माफी मागायचीय पोरीची."

"आणि पारख?" पलीकडून काकूंनी विचारलं.

"ती काठावरून होत नाही, असं आताच कळलं."

काकूंनी खाकरून आठवण करून दिली, "वहीत नोंद राहिली हो."

तिनं वही ओढली. देवमासा, नग एक, परत. कारणाच्या रकान्यावर पेन थबकलं. उलट्या बाजूनं तो वाचत होता, हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं अक्षर जरा मोठं काढलं.

कारण : मी.