डावीकडे जाणारं विमान

“आबा, डावीकडे चाललंय!”

नूतनने सांगेपर्यंत उशीर झाला होता. पडद्यावरचं विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं, एक पंख जमिनीला टेकला आणि सगळं थांबलं. पितांबर आबांनी कानावरचा हेडफोन काढून खुंटीला लावला.

“मन्हा पाय गयात आते,” पाय गेले आता, असं ते अहिराणीत म्हणाले. “येऊ दे त्या हेमकांतला. घेऊन जाऊ दे.”

आणि ते उठून ओसरीवर जाऊन बसले.

दिवाळीच्या सुट्टीत नूतन नंदुरबारहून रनाळ्याला आली, ती या विमानासाठी. आबा तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते. पायलटांना शिकवायच्या एका दोन इंजिनांच्या विमानाची इंजिनं त्यांनी कितीदा खोलली आणि जोडली, पण विमान उडवायला काही मिळालं नाही. म्हातारपणी त्यांनी ती हौस घरातच भागवली. शेजारच्या नासिरचाचांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी लोखंडी सांगाडा करून दिला. त्यात दोन खुर्च्या, दोन हँडल, पायाशी लाकडी पेडलं. समोर मोठा टीव्ही आणि कॉम्प्युटरमध्ये तेच जुनं विमान.

डावीकडे आबा बसत. उजवीकडे नूतनची आजी, म्हणजे मोठी माय, कापसाच्या वाती वळत बसायची. उन्हाळ्यात मोठी माय गेली. तेव्हापासून विमान एकदाही वर गेलं नव्हतं.

“आबांचे हात थरथरतात,” नूतनचा गोपालकाका सगळ्यांना सांगायचा. “मशीन ठणठणीत आहे. पण आता त्यांच्याच्याने होत नाही. उगाच रोज बसतात आणि रोज वाईट वाटून घेतात. शिवाय कापूस यायला लागला, तो ठेवू कुठे?”

म्हणून त्याने विसरवाडीच्या हेमकांतला बोलावलं होतं. हेमकांतचं तिथे गेमचं दुकान होतं. आज दुपारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

नासिरचाचांची मुलं, तौहिद आणि रिम्शा, खोलीच्या दारात उभी होती.

“पण आबांचे हात थरथरत नाहीत,” रिम्शा म्हणाली. “काल त्यांनी माझ्या सुईत दोरा ओवून दिला.”

नूतनने वळून तिच्याकडे बघितलं. ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

“तौहिद, तू बस,” ती म्हणाली.

तौहिद बसला. त्याने ऐटीत दोन्ही इंजिनांना जोर दिला. विमान धावलं आणि डावीकडे गवतात गेलं.

“तुझेही पाय गेले का रे?” नूतन म्हणाली.

“तू चालवून दाखव मग.”

नूतनचंही गवतातच गेलं. रिम्शाचे पाय पेडलांपर्यंत पोचत नव्हते. त्यामुळे ती रुसून खाली वाकली आणि सांगाड्यात शिरली.

“इथे मांजराने ओरबाडलंय,” आतून तिचा आवाज आला.

“मांजर कशाला जाईल तिथे?”

“मग तूच येऊन बघ.”

नूतन जमिनीवर पालथी पडली. मोठ्या मायच्या बाजूची दोन पेडलं समोर होती. डावं अगदी नव्यासारखं होतं. उजव्यावरचा निळा रंग मात्र उडाला होता आणि लाकडावर बारीक, आडवे ओरखडे होते. नूतनने त्यावर बोट ठेवलं आणि तिला एकदम कळलं. मोठी माय चपला बाहेर काढून बसायची. हे ओरखडे तिच्या जोडव्यांचे होते.

“जोडवी दोन्ही पायांत असतात,” ती हळू म्हणाली. “मग ओरखडे एकाच पेडलावर कसे?”

तिघं धावत नासिरचाचांकडे गेली. ते गेटची पट्टी घासत होते.

“उजवीकडे पेडलं नव्हतीच आधी,” ते म्हणाले. “काकींनी, म्हणजे तुझ्या मोठ्या मायने, मागाहून करून घेतली. म्हणाल्या, मला पाय टेकायला हवीत. मी सायकलच्या चेनने दोन्ही बाजू जोडून दिल्या. इकडे दाबलं की तिकडचंही दबतं.”

“अब्बा, पाय टेकायला कोणी एकच पाय टेकतं का?” तौहिदने विचारलं.

चाचांचं मशीन बंद झालं. पट्टी हातात तशीच धरून त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं.

मुलं परत आली. तौहिद डावीकडे, नूतन मोठ्या मायच्या खुर्चीत. विमान धावू लागताच तिने उजवं पेडल दाबलं. विमान उजवीकडे वळून एका शेडमध्ये घुसलं.

“मोठी माय अशी नाही दाबायची,” तौहिद म्हणाला. “वाती वळता वळता दाबायची ती. हळू.”

पुढच्या वेळी नूतनने हळू दाबलं. विमान सरळ धावलं, आणखी सरळ धावलं आणि उचललं गेलं.

“आबांना सांगते,” रिम्शा निघालीच होती. नूतनने तिचा फ्रॉक धरला.

“थांब. आबा म्हणतील, पोरं मन राखताहेत. काका तर ऐकणारच नाही. काकाला स्वतः चालवूनच कळू दे.”

दुपारी टेम्पो आला. हेमकांतने खुर्च्या हलवून बघितल्या, टीव्हीवर टिचकी मारली.

“हेमकांतकाका, चालवून बघा ना,” तौहिद अगदी गरीब चेहरा करून म्हणाला. “नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल, फसवलं.”

हेमकांत हसत खुर्चीत बसला. विमान डावीकडे गेलं. तो पुन्हा बसला, पुन्हा डावीकडे.

“गोपालभाऊ, हे ओढतंय. खराब माल देताय काय?”

“काहीतरीच. सरका.” गोपालकाका स्वतः बसला. त्याने जोर जरा जास्तच दिला. विमान गवत ओलांडून थेट उभ्या टँकरवर गेलं.

“गोपालकाका,” रिम्शाने विचारलं, “तुमचेही हात थरथरतात का?”

दारातून हसण्याचा आवाज आला. आबा तिथे उभे होते. उन्हाळ्यानंतर ते पहिल्यांदा हसत होते.

“आबा, एकदाच बसा,” नूतन म्हणाली. “मी मोठ्या मायच्या जागी बसते.”

आबा जरा घुटमळले, मग बसले. नूतनने चपला बाहेर काढल्या. विमान धावलं. सरळ. गवत दोन्हीकडून मागे पळालं आणि खाली गेलं. आबांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग नूतनच्या पायाकडे.

“हे कोणी शिकवलं तुला?”

“मोठ्या मायने,” नूतन म्हणाली आणि तिने पाय बाजूला घेऊन पेडलावरचे जोडव्यांचे ओरखडे दाखवले.

आबा वाकले. कितीतरी वेळ ते त्यांवरून बोट फिरवत राहिले.

“दोन्ही इंजिनांचे पंखे एकाच बाजूला फिरतात,” ते म्हणाले. “म्हणून जोर दिला की विमान डावीकडे ओढतं. आमचे पायलट वैतागायचे. घरातलं सुरुवातीला ओढायचं, मग ओढेनासं झालं. मला वाटलं, मी शिकलो. मी ऐटीत तिला सांगायचो, बघ, कसा हात बसलाय माझा. ती म्हणायची, हो ना.”



“इतकी वर्षं हो ना म्हणत राहिली,” आबा म्हणाले.

“आबा, विमान पडतंय,” रिम्शा म्हणाली.

आबांनी घाईने हँडल ओढलं आणि सगळे एकदम हसले. हेमकांत उठून टेम्पोची किल्ली शोधू लागला. “मला नको बुवा. याला घरची माणसं लागतात.”

गोपालकाका घसा खाकरत पुढे आला. “आबा, चुकलं माझं. कापूस ओसरीवर रचतो.” मग तो मुलांकडे वळला. “आम्ही नुसते आबांना नावं ठेवत बसलो. तुम्ही मात्र वाकून बघितलंत. शाबास रे पोरांनो. आणि ते पेडल नासिरभाईंकडून रंगवून आणतो उद्या.”

“राहू दे तसंच,” आबा म्हणाले. “नूतन, उठ. आते मी एकटा.”

नूतन उठून मागे उभी राहिली. आबांनी विमान पुन्हा धावपट्टीवर आणलं आणि जोर दिला. नाक डावीकडे वळू लागलं. आबांनी आपलं उजवं पेडल दाबलं. पलीकडे, रिकाम्या खुर्चीसमोर, ओरखड्यांचं ते पेडलही अलगद खाली गेलं.

विमान सरळ झालं. आबा तिकडेच बघत होते.

“आबा, समोर बघा,” नूतन म्हणाली.

“बघतो,” आबा म्हणाले आणि त्यांनी विमान वर घेतलं.