खुणेचा दिवा

श्कोदर शहरात दुपारी वीज गेली की घरोघरी एकच धांदल उडते. फ्रीज, टीव्ही, पंप, सगळ्यांच्या पिना काढायच्या. कारण परत येणारी वीज अशी उसळून येते की यंत्रं जळून जातात. पॅसेजमधला एक दिवा तेवढा चालू ठेवायचा. तो पेटला की वीज आल्याची खूण.

लग्न होऊन म्रिका या घरात आली तेव्हा पाश्कने तिला हे सगळं शिकवलं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला मात्र हात लावू दिला नाही. त्याला वेगळा यूपीएस होता. वीज गेली की तो टूं टूं करायचा आणि पाश्क हातातला घास टाकून धावायचा, कॉम्प्युटर रीतसर बंद करायला.

त्यात तेरेझिनाचा आवाज होता. पाश्कची पहिली बायको, शाळेतली बाई. शेवटच्या आजारात तिने वर्गातल्या मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या.

“अरे, सीडीवर उतरवून ठेव की,” शेजारची लीना आजी म्हणायची.

“नको. ती एकाच ठिकाणी असू दे.”

“मी तापाने फणफणले तेव्हा असा धावला नव्हतास,” म्रिका एकदा बोलून गेली.

“तू काय वीज गेल्यावर पुसली जाणार आहेस?” तो हसला. ते हसू तिला लागलं.

एका दुपारी पाश्क सायकल काढून कॅफेत गेला. म्रिकाने कॉम्प्युटर चालू केला, त्याची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीत खोचली आणि यूपीएस बाल्कनीत नेऊन ठेवला. कॉम्प्युटर जळाला तर दोष विजेचा. श्कोदरमध्ये कोण शंका घेणार?

वीज गेली. फ्रीज गप्प झाला. दिवा विझला.

कॉम्प्युटर चालूच होता.

बाल्कनीत, कशालाच न जोडलेला यूपीएस टूं टूं करू लागला.

“दारात कोण उभं आहे?” कॉम्प्युटरमधून एक समजूतदार आवाज म्हणाला. “आत ये बाळा. बस.”

म्रिका बसली.

दिवा पेटला तेव्हा खोलीत जळका वास होता.

“वीज,” ती पाश्कला म्हणाली. तो त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दुपारी वीज गेली. फ्रीजची पिन हातात धरली, एवढंच म्रिकाला आठवतं. मग एकदम पेटलेला दिवा दिसला. ती खुर्चीत बसलेली. घसा कोरडा. पायाशी पाश्क, डोळे ओले, तिचा हात दोन्ही हातांत घेतलेला. असा त्याने कधी धरला नव्हता.

“काय झालं?”

त्याने हात सोडला. “गोष्ट सांगत होतीस. अर्धी राहिली.”

मग रोज दुपारी तेच. पाश्कने कॅफेत जाणं सोडलं. म्रिकाला स्वतःच्याच हाताचा हेवा वाटू लागला. दिवा पेटला की ती परत येते, एवढाच काय तो आधार.

आज दुपारी ती पॅसेजमध्ये आली. दिव्याचा होल्डर रिकामा होता.

आत पाश्कने खुर्ची मांडून ठेवली होती. त्याच्या कोटाचा खिसा गोल फुगला होता.

“बस,” तो मायेने म्हणाला.

फ्रीज गप्प झाला.