पूर्व टोकाचे पारवे

फोन आला तेव्हा पद्मा फौजदार नुकत्याच ठाण्यात येऊन बसल्या होत्या. सांगलीबाहेरच्या फ्लाइंग क्लबात विमान पडलं होतं, आणि हा अपघात वाटत नाही, असं फोनवरचा माणूस म्हणत होता.

शहाण्णव सालचा मे महिना होता. धावपट्टीपलीकडच्या नांगरटीत छोटं विमान पोटावर बसलं होतं. समोरची काच फुटली होती. पंख्याला पिसं चिकटली होती. विमान उठता उठता पारव्यांचा थवा आडवा आला आणि इंजिन बंद पडलं होतं. चालवणारी मयूरी वाचली, पण हात मोडला आणि तोंडावर काचा गेल्या. नुकतीच तिची एका विमान कंपनीत निवड झाली होती.

पद्माबाई वडूजच्या. लहानपणी माळावर उभं राहून त्यांनीही विमानं पाहिली होती. वडील म्हणाले होते, आधी जमिनीवर नीट चालायला शीक. या पोरीला मात्र विमान मिळालं होतं, कौतुक मिळालं होतं. बाईंना तिचा हेवा वाटला. त्यांनी तो तिथंच दाबला.

पट्टीच्या पूर्व टोकाला, कडेच्या चिखलात ज्वारी पडली होती. बाईंनी मूठभर उचलली. माती ओली होती, दाणे मात्र कडक, कोरडे. जीपच्या चाकांच्या खुणांवरही दाणे होते, पण दबलेला एकही नव्हता. आसपास पाऊल उमटलेलं नव्हतं.

हवामानाच्या नोंदी ठेवणारा जिनेश जवळच उभा होता. फोन त्यानंच केला होता.

"पाऊस कधी पडला?"

"पहाटे. उजाडायच्या आत थांबला."

"पाखरं विमान बघून उडून जात नाहीत?"

"रोज जातात, बाई. या दिवसांत वारा पश्चिमेचा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं, म्हणून या पूर्व टोकापासून पळायला लागतं. इंजिन सुरू झालं की इथली पाखरं पांगतात. आज वारा उलटा होता. विमान तिकडून पळत आलं आणि नेमकं इथं उचललं."

"वारा फिरणार हे कुणाला ठाऊक होतं?"

"काल संध्याकाळी पुण्याहून अंदाज आला. मी फक्त कॅप्टन अनीशना सांगितलं. मयूरीला आज सकाळी. उजाडल्यापासून ती माझ्याजवळच बसली होती, ढग बघत."

कुंपणापलीकडे अण्णाप्पांचं हळदीचं गोदाम होतं. पारव्यांना रोज दाणे टाकणारे म्हातारे म्हणून गावभर प्रसिद्ध. लोक त्यांच्याकडेच बोट दाखवत होते.

"मी टाकतो, न्हाई कशाला म्हणू? पण माझ्या अंगणात," अण्णाप्पा म्हणाले. "आज तर तेबी न्हाई. बस्तीत, आमच्या जैन देवळात, पूजा हुती, सकाळीच गेलो. पाखरं उपाशी ऱ्हायली. आसं उपाशी पाखरू दाणा दिसंल तिथं जातंय."

"तुम्ही नसणार हे कुणाला माहीत होतं?"

"क्लबात समद्यांस्नी. काल मीच परसादाला बोलवून आलो की."

दुसरा संशय धवलवर होता. मयूरीबरोबर शिकणारा, वाईचा. तिची निवड झाली त्या दिवशी त्यानं कॅन्टीनमध्ये कप आपटला होता.

"जळतो मी तिच्यावर," तो सरळ म्हणाला. "लय जळतो. पण सकाळी मी एसटीत होतो. कराडजवळ टायर फुटला."

बाईंनी डेपोत फोन लावला. कंडक्टरला टायर बदलायला हात लावणारा पोरगा चांगला आठवत होता.

मग कॅप्टन अनीश. क्लबाचे शिक्षक, वागायला शांत.

"पट्टी तपासली होती?"

"मी स्वतः, जीपनं. पाऊस थांबल्यावर. स्वच्छ होती. नंतर कुणीतरी ज्वारी टाकली असणार."

"जीप आणखी कोण चालवतं?"

"कुणी नाही. किल्ली माझ्याजवळ असते. तुम्ही धवलला विचारा. त्या मुलीचं नशीब त्याला बघवत नव्हतं."

"त्याच विमान कंपनीत तुम्हीही अर्ज केला होता, असं ऐकलं."

"केला होता. नाही झालं."

बाईंनी सगळ्यांना क्लबाच्या खोलीत बसवलं.

"दाणे कोरडे होते, म्हणजे पावसानंतर टाकले," त्या म्हणाल्या. "चिखलात पाऊल नाही, म्हणजे टाकणारा चालत आला नाही. चाकांच्या खुणांवर दाणे आहेत, पण दबलेले नाहीत. ते जीप पुढं सरकताना मागं टाकलेत. आणि टाकणाऱ्यानं पूर्व टोक निवडलं. वारा फिरणार हे माहीत नसलेल्या माणसानं ते पश्चिमेला टाकले असते. जिनेशला माहीत होतं, पण तो उजाडल्यापासून मयूरीजवळ होता. अण्णाप्पा बस्तीत, धवल एसटीत. राहिले तुम्ही, कॅप्टन. जीपची किल्लीही तुमच्याजवळच."

बाई अनीशसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आणखी एक. तुम्ही एकदाही तिचं नाव घेतलं नाहीत. 'ती मुलगी' म्हणालात. आज सकाळी मीही मनात तिला 'ही पोरगी' म्हणत होते. का म्हणत होते, ते मला ठाऊक आहे."



"मी तिला मारणार नव्हतो," अनीश म्हणाले. "पाखरं बघून ती घाबरेल, ब्रेक मारेल, एवढंच. भित्री आहे असं मला कंपनीला कळवता आलं असतं. दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगली उडवायला लागली. मी रोज शेजारी बसून ते बघत होतो."

"विमानाचं तोंड पूर्वेला, सकाळची वेळ," बाई म्हणाल्या. "डोळ्यांवर ऊन होतं. तिला पाखरं दिसलीच नाहीत."

"ते माझ्या ध्यानात आलं नाही," अनीश म्हणाले.

दुपारी बाई दवाखान्यात गेल्या. मयूरीच्या गालाला पट्ट्या होत्या. कुणी केलं ते सांगण्याआधी बाईंनी दुसरंच विचारलं.

"इंजिन बंद पडल्यावर तू पट्टीकडे वळली का नाहीस?"

"वळले असते तर मेले असते," मयूरी म्हणाली. "इतक्या खाली वळायचं नाही. समोर मोकळं रान दिसेल तिथं बसवायचं. शंभरदा घोकून घेतलंय अनीश सरांनी."

ती थोडी हसली. हसताना गाल दुखला असावा.

"सर बाहेर आहेत का हो? त्यांना आत पाठवा ना."

पद्माबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि तिचा धड हात हातात घेतला.