हिरव्या पडद्यापलीकडून

ऑपरेशनला चालत नाहीत हे पक्कं माहीत असूनही अनुश्रीनं रायपूरच्या सदर बाजारात डझनभर बांगड्या घेतल्या. दुकानातून उतरून ती रस्त्यावर पाऊल टाकणार, तोच कानाशी कुणीतरी म्हणालं, "थांबा."

ती थांबली. एक मोटारसायकल ओढणीला चाटून सुसाट गेली. तिनं वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. रस्त्यापलीकडे, सराफाच्या पायरीवर एक उंच माणूस तेवढा तिच्याकडे बघत उभा होता. त्या कलकलाटात तिथून मारलेली हाकही पोचली नसती… आणि हे तर अगदी हळू म्हटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शंकर नगरातल्या एका लहान रुग्णालयात ती स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून रुजू झाली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तिचा हात बसलेला होता, आणि तिला स्वतःलाही ते चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच ऑपरेशनला ती पेशंटच्या पोटाशी, भूल देणारे डॉक्टर भार्गव डोक्याशी आणि मधे हिरवा पडदा. त्यांच्या मास्कच्या वर फक्त दोन हसरे डोळे दिसत होते.

पोट फुगवायला तिनं गॅस सुरू केला.

"सावकाश, मॅडम," पडद्यापलीकडून आवाज आला. "पोटावर एकदम ताण आला तं नाडी मंदावते. घाई काहून?"

तोच आवाज होता. अनुश्रीच्या अंगावर काटा आला.

"काल सदर बाजारात तुम्हीच होते ना? मले थांबा म्हटलं?"

"होतो मी. आईच्या पाटल्या आणायला गेलतो. पण—" तो अडखळला. "मी तं तोंडही उघडलं नव्हतं."

थट्टा करतोय, असं तिनं ठरवून टाकलं. ते सोयीचं होतं.

कॅमेरा पोटात गेला की सत्यभामा सिस्टर वरचे दिवे मालवायची. भर दुपारी खोलीत अंधार व्हायचा. उजेड फक्त स्क्रीनचा, त्यावर कुणाच्या तरी पोटातलं ओलं, गुलाबी जग, आणि मॉनिटरची टुक… टुक. त्या अंधारात भार्गवची दोन बोटं सतत पेशंटच्या कानशिलावर असायची.

"मशीन आहे ना तुमच्याजवळ?"

"मशीन पाहतेच. पण भुलेतल्या माणसालेही माणसाचा हात पायजे."

नाडी ढळायची असली, की मॉनिटरच्या आधी तो "गॅस थांबवा" म्हणायचा. बोटांना कळत असेल, असं म्हणून ती थांबायची. हळूहळू तिला त्या आवाजाची सवय लागली. सवय कसली, ओढच लागली.

"त्या बांगड्या कधी घालता, मॅडम?"

"ऑपरेशन नसते तेव्हा."

"म्हणजे मले कधी दिसायच्याच नाहीत."

मास्कच्या आत ती हसली, आणि ते हसू डोळ्यांत उतरलंच.

मग एके दिवशी सिस्टरनं सांगितलं, "सर तो एक तारीख से नवा रायपुर जा रहे हैं. बड़ा अस्पताल." अनुश्रीनं पडद्यावरून कोरडं अभिनंदन केलं. 'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं तिला. ते आठवडाभर जिभेवर राहिलं आणि महिना संपत आला.

त्याच्या शेवटच्या दिवशी टेबलावर कलावती होती, अंडाशयात गाठ असलेली. दिवे मालवले. अनुश्रीनं गॅस सावकाश सोडला, पोट वर येऊ लागलं, आणि कानाशी आवाज आला, "गॅस बंद करा."

तिनं तत्क्षणी गॅस बंद केला, पोटातला सोडूनही दिला. मॉनिटर अजून छान चालला होता.

"मैडम, क्या हुआ?" सिस्टर गोंधळली.

"सरांनी सांगितलं ना."

"सर ने तो कुछ बोला ही नहीं."

तेवढ्यात टुक… टुक लांबली. पन्नास. चाळीस. मग नुसती शांतता. भार्गवचा हात इंजेक्शनकडे गेला. अनुश्रीला स्वतःचं काळीज तेवढं ऐकू येत होतं. मग एक टुक आली. दुसरी आली. पोट आधीच मोकळं झालं होतं म्हणून नाडी परतली, हे तिघांनाही कळलं. पुढं कमी दाबावर, जपून गाठ निघाली. तासाभरानं कलावतीनं डोळे उघडून पाणी मागितलं.

चहाच्या खोलीत दोघंच होते. मास्क उतरलेले. त्यानं कपात चहा ओतून घेतला.

"बोटाखाली नाडी अडखळली, अन् मी बोलणारच होतो," भार्गव म्हणाला. "मनात म्हटलं फक्त. तुम्ही त्याच्या आधीच… त्या दिवशी बाजारातही असंच झालं होतं."

"मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"भ्यालो. अन् खरं सांगू, म्हणूनच इथून जाऊन राहिलो. अंधारात उभा राहून मी मनात काय काय म्हणतो… तेही तुम्ही ऐकत असान तं?"

"ते नाही ऐकलं," ती म्हणाली. "ऐकण्यासारखं होतं का?"

त्याचे कान लाल झाले. अनुश्रीला भीती वाटत होती आणि तरीही उठून जावंसं वाटत नव्हतं. या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिनं स्वतःशी एकदाचं कबूल केलं. मग ओठ घट्ट मिटून, त्याच्याकडे बघत, तिनं आठवडाभर अडलेले ते दोन शब्द मनातल्या मनात म्हटले.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. भार्गवचा कप ओठांपाशी थांबला. त्यानं हळूच वर पाहिलं.

"हव," तो म्हणाला. "नाही जात."