अर्धा सूत

पंक्चर झालं काढून. पण थांबा जरा, साखळी मोजल्याशिवाय सायकल हातात मिळायची नाही. बसा इथे दिव्याजवळ. घाईचं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं की दोन गोष्टी ऐकूनच जातं.

तुमची सायकल फिक्स गिअरची. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायांना सुट्टी नाही. वेग आवरायचा तर पाय मागे रेटायचे. म्हणजे पळवणारीही साखळी आणि थांबवणारीही साखळीच. म्हणून ही स्टीलची पट्टी. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बारा इंचांत बरोब्बर बसतात. झिजली की ती लांबते. अर्धा सूत लांबली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, की काढून फेकायची. तेल घाला, ताण बघा, अडकणारी कडी शोधा, सगळं करा, पण हा अर्धा सूत चुकवू नका.

मी एकदा चुकवला.

माझा धाकटा भाऊ पार्सलं पोचवायचा. आम्ही दोघंच. वर राहायचो, खाली हे दुकान. आईवडिलांच्या मागे मीच त्याला वाढवला, त्यामुळे मी बोलायला लागले की तो कानात बोटं घालायचा. सायकलचा हातब्रेक त्याने काढून टाकला होता. वजन वाढतं, म्हणे. स्वतः दोन माणसांचं जेवायचा आणि ब्रेकचं वजन मोजायचा.

एका सकाळी साखळी मोजली, तर पाऊण सूत लांब. त्या मापाची नवी साखळी दुकानात नव्हती. तो दारात उभा, पाठीला पार्सलांची पिशवी.

"जाऊ ना गं, ताई?"

मी म्हटलं, "आजचा दिवस काढ. उद्या टाकते."

दिवसभर लोकांना नाही म्हणणारी मी, त्याला हो म्हणाले. पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर साखळी तुटली. तुटल्यावर पाय नुसते गरगर फिरतात हो, धरायला काही उरत नाही.

सायकल तेवढी परत आली, आणि तिला फारसं काही झालं नव्हतं. मागच्या खोलीत दोन हुकांना टांगली आणि तिला नवी साखळी चढवली. कशासाठी ते विचारू नका. चढवली, मगच जेवायला बसले.

आठ दिवसांनी धूळ पुसायला आत गेले. हाताची सवय, पट्टी लावली. पाव सूत लांब.

आधी पट्टीला दोष दिला. दुसरी पट्टी आणली, तिनेही तेच सांगितलं. खाली फरशीवर काळ्या तेलाचे बारीक थेंब, आणि खोलीत तापलेल्या लोखंडाचा वास. दोन्ही चाकं हवेत, दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. मग मागच्या चाकाला शिवणाचा दोरा बांधून ठेवला. आठ दिवसांनी दोरा जसाच्या तसा होता, आणि साखळी अर्धा सूत.

भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पण तिसऱ्या दिवशी जिना चढताना लक्षात आलं, मी गुणगुणतेय. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस कशालाही सोबत म्हणतं. कुणीतरी ती सायकल चालवत होतं, आणि कोण ते मला कुणी सांगायला नको होतं. मी निमूटपणे नवी साखळी चढवली. मग तसंच सुरू झालं. पंधरा दिवसांना एक साखळी, आणि रोज संध्याकाळी आत जाऊन दिवसभराचं बोलणं. आज एक गिऱ्हाईक आलं होतं, तुझ्यासारखंच आगाऊ, असलं काहीबाही. आतून उत्तर यायचं नाही, पण मला ते चालत होतं.

चार महिन्यांनी उस्ताद आले. हा धंदा मला त्यांनीच शिकवला. त्यांच्यापासून काय लपवणार, आत नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, साखळी जरा उचलून खाली वाकून बघितलं.

"पोरी, दात बघितलेस?"

"दात कशाला? झिजतेय ती साखळी…"

"बघ."

पायडल पुढे मारलं की चक्राच्या दातांची एक बाजू झिजते. पाय मागे रेटले की उलटी बाजू. या दातांची पुढची बाजू नव्यासारखी होती. उलटी पार खाल्ली गेली होती.

उस्ताद अगदी हळू म्हणाले, "हा कुठे जात नाहीये गं. हा… थांबायला बघतोय."

मला वाटत होतं, पोरगं मजेत हिंडतंय. तो त्याच उतारावर होता. चार महिने.

"साखळी काढून टाक. सुटेल बिचारा."

"आणि नाही सुटला तर? परत माझ्याच हातून…"

उस्तादांनी चष्मा काढून खिशात ठेवला. गेले ते, पुन्हा या दुकानाची पायरी चढले नाहीत.

मी साखळी काढली नाही. मिळेल तेवढी दणकट साखळी मागवली. रोज सकाळी तेल, रोज ताण, एकेक कडी बोटांनी वाकवून बघायची. "रेट," म्हणायचे, "घाबरू नकोस. आता नाही तुटायची." आणि झीज कमी व्हायला लागली. आठ दिवसांत पाव सूत होती, ती त्याच्या निम्मी झाली. मग केसाएवढी. वेग आटोक्यात येत होता त्याचा. परवा मोजली तर काही नाही. काल मोजली तर काही नाही. फरशी कोरडी होती आणि वासही गेला होता.

"थांबलास का रे?" मी विचारलं, आणि ओक्साबोक्शी रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसून वर बघितलं, तर ती नुसती टांगलेली सायकल होती. तो सुटला, आणि काल संध्याकाळी मी या घरात खरी एकटी झाले.

आज सकाळी दुकान उघडलं. या टेबलावर एक साखळी सरळ पसरून ठेवलेली, आणि शेजारी पट्टी, टोकाला टोक लावून. मोजायची ही रीत मीच त्याला शिकवली होती. साखळी माझ्या सायकलची. माझीही फिक्सचीच, पण तो गेल्यापासून मी तिच्यावर बसलेले नाही. तेव्हा ही साखळी नवीकोरी होती.

आता पाऊण सूत लांब आहे.

त्याने ती तुटायच्या आत काढून ठेवली, एवढं मला कळतं. आपल्या ताईची काळजी. पण झिजवली कुणी? गेले कित्येक महिने सकाळी उठते तेव्हा मांड्या भरून आलेल्या असतात, दगडासारख्या. वयाचं म्हणून मी सोडून देत होते…

माझी सायकल तिकडे कोपऱ्यात आहे. सकाळपासून मी तिच्याजवळ गेलेले नाही. तुम्ही जाता का? हा दिवा घेऊन जा. दात बघा, आणि इथूनच ऐकू येईल असं मला सांगा, कोणती बाजू झिजलीये.