मानेजवळची कॉइल

धाकट्या प्रेरणाचं लग्न झालं ते साल २००९. हुडको वसाहतीच्या मैदानात मांडव होता, बुद्धवंदना झाली होती, पंगत बसायची होती, आणि नवरीचा भाऊ रोशन नवी कोरी गिटार गळ्यात अडकवून स्टेजवर उभा होता. रायपूरच्या ऑर्केस्ट्राचे मालक मारोतराव खास त्याला ऐकायला आले होते... पहिला सूर निघाला आणि रोशनचा चेहरा उतरला. रिकामा डबा फरशीवर ओढावा तसा पातळ, किरकिरा आवाज! खुर्च्यांवरचे लोक हसले.

"ताई!" तो माइकवरूनच ओरडला. "कॉइल बदलवली का तू?"

मांडवाच्या खांबाशी उभी असलेली त्याची मोठी बहीण वच्छला गिटारीकडे निरखून पाहू लागली.

आईवडील गेले तेव्हा रोशन नऊ वर्षांचा होता, प्रेरणा सात. मोठ्या वच्छलाने आपलं ठरलेलं लग्न मोडलं, कुम्हारीला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ती कॉइली भरायला बसली, आणि दोघांना वाढवता वाढवता स्वतःचं वय कधी उलटलं ते तिला कळलंही नाही. रोशनच्या जुन्या काळ्या गिटारीचा पिकअप, तारांचा आवाज पकडणारा भाग, बंद पडला, तेव्हा तो तिनेच उघडला. आत लोहचुंबक, भोवती तांब्याची तार... पंख्याच्या मोटरीहून वेगळं काय होतं त्यात? एका जुन्या रिलेतली केसाहून बारीक तार काढून तिने हातमशीनवर साडेसात हजार फेरे भरले, वर लाल टेप चढवली. मग एकटीच बसून तिने ती कॉइल गिटारीत दोन्ही जागी लावून पाहिली. घोडीजवळ, म्हणजे ब्रिजपाशी, गिटारीची तार ताठ, तिथे आवाज बारीक येई. मानेकडे, म्हणजे नेकपाशी, ती मोकळी डोले, तिथे तोच आवाज भरून येई. तिने ती मानेजवळ बसवली. पुढे तीन वर्षं साऱ्या वस्तीने त्या आवाजाचं कौतुक केलं.

नवी गिटार आली तेव्हा रोशनने ती कॉइल काढून नव्या गिटारीत घोडीजवळ बसवली. सगळी जादू ताईच्या कॉइलीत आहे, कुठेही लावली तरी ती तशीच बोलेल, असं त्याला वाटलं. आणि लग्नाच्या घाईत लावून पाहायचं राहून गेलं.

लाल टेप घोडीजवळ दिसली तेव्हाच वच्छलाला चूक कळली. ती सांगणारच होती... पण मारोतराव खुर्चीतून उठले होते. "कावून जी, आपलीच गिटार कळत नाही का या पोट्ट्याले?"

ती पुढे झाली. "त्याची चूक नाही जी. कॉइल म्या भरली. माह्येच फेरे चुकले."

"मंग पंखेच भरा ना बाई!" मारोतराव हसले. त्यांनी आपल्या माणसाची गिटार रोशनच्या हाती दिली. त्याने ती वाजवली, आणि पंगत उठायच्या आत त्याचं काम पक्कं झालं.

निघताना तो तिच्यासमोर आला. "मी रायपूरला जाऊ नये म्हणूनच केलं ना तू? घरीच बांधून ठेवाचं होतं मले!"

"जेवून जाय बाबू," ती म्हणाली.

तो जेवला नाही. चौदा वर्षं तो त्या घराची पायरी चढला नाही. कुम्हारीत मात्र बातमी वच्छला परतण्याआधीच पोहोचली. जिच्या हाताची कॉइल कधी परत येत नसे, तिला लोक 'फेरे चुकणारी बाई' म्हणू लागले, आणि तिने एकदाही कोणाचं म्हणणं खोडून काढलं नाही!

२०२३ साली रोशनच्या मुलीला, समीक्षाला, रायपूरच्या घरी बिस्किटाच्या जुन्या डब्यात रोशनने काढून टाकलेला तो पिकअप सापडला. ती नुकतीच गिटार शिकू लागली होती; तिने लाल टेप सोडवली. आत घडी घातलेला कागद होता. रिवाइंडिंगवाल्यांची ती रीतच असते, कॉइल कुठली, जागा कुठली, हात कोणाचा, ते टेपेखाली लिहून ठेवायचं. कॉइल जळल्यावर उघडेल त्याच्यासाठी. तिने अडखळत वाचलं : 'काळी गिटार. मानेजवळ. साडेसात हजार. घोडीजवळ बारीक बोलते. वच्छला.'

"पापा, ये तो नेकवाली है! तुमी ब्रिजवर कावून लावली?"

रोशनने तो कागद तिच्या हातून घेऊन स्वतः वाचला.

त्या रविवारी दोघं कुम्हारीला गेले. वच्छला खाटेवर होती. छातीच्या दुखण्याने तिचं बोलणं तुटक झालं होतं. काळी गिटार खिळ्याला टांगलेली होती. समीक्षाने कॉइल मानेजवळ बसवून वाजवली, आणि ती खोली जुन्या, भरदार आवाजाने भरली. मग सोबत आणलेल्या, लग्नातल्या त्या गिटारीतही तिने ती मानेजवळच लावली. आवाज गोड आला, पण निराळा, जरा उजळ.

"त्या गिटारीत पाहुण्यावानी बोलते," वच्छला म्हणाली. "या काळीत घरच्यावानी."

"ताई, तुले तवाच माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"मारोतराव उभे होते ना रे. कॉइल खराब निघाली तं दुसरी भरता येते. पोट्टाच खराब म्हणून ते निघून गेले असते तं..."

रोशनने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "ताई, मले माफ कर... मी तुह्या हातावर शंका घेतली!"

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "रडू नको. जेवून जाय आज."

तो जेवला, आणि त्यानंतर दर रविवारी येत राहिला. वच्छला २०२४च्या मार्चमध्ये, अकरा तारखेला, सोमवारी सकाळी कुम्हारीच्या घरी वारली. वय अठ्ठावन्न होतं.