'पायापा' दुपारी का थकते?

"साहेब, तुमची बोट दुपारी झोपते का?"

मारिकितने विचारलं आणि लगेच जीभ चावली. पण आता काय उपयोग! धक्क्यावरच्या खोक्यांमागून तिच्या दोस्तांची, ओन्योक आणि पिलिताची, खुसखुस तिला स्पष्ट ऐकू येत होती. "हिंमत असेल तर विचार! विचारलंस तर माझं तुरोन तुझं!" असं ओन्योक म्हणाला होता. तळलेल्या केळ्याची ती साखरेत घोळवलेली गुंडाळी ओन्योक सहसा सख्ख्या आईलाही देत नसे. शिवाय मारिकितला कुणी 'हिंमत असेल तर' म्हटलं की झालंच!

बोटीचे मालक रेगालादो साहेब मात्र हसले नाहीत.

"बोट नाही झोपत, पोरी," ते सावकाश म्हणाले. "बोटीवरचा माणूस झोपतो."

साहेबांच्या मागेच दोराचं वेटोळं करत मारिकितचे बाबा उभे होते. कादियो, 'पायापा'चे कप्तान. त्यांनी सगळं ऐकलं. मान वर केली नाही. नुसते दोर गुंडाळत राहिले.

खोक्यांमागची खुसखुस एकदम थांबली.

"आता विषय निघालाच आहे तर सांगतो, कादियो," साहेब पुढे म्हणाले. "शनिवारी शहरातून डिझेलचं इंजिन येतंय. त्याच्याबरोबर नवा कप्तानही येतोय. तू जरा विश्रांती घे."

विश्रांती! तो शब्द मारिकितच्या कानात गरम तेलासारखा गेला.

पालावान बेटाच्या त्या किनाऱ्यावर 'पायापा'सारखी दुसरी बोट नव्हती. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणारा रुंद डेक आणि छपरावर सोलरच्या काळ्या चकचकीत काचा. वारा असला की शीड, वारा पडला की विजेची मोटर. आवाज नाही, धूर नाही. गोंगाटाला कंटाळलेली माणसं त्या शांततेसाठी दूरदूरच्या शहरांतून येत आणि आठवडाभर बोटीवर राहत. पण गेले तीन दिवस संध्याकाळ झाली की बॅटऱ्या मान टाकत होत्या. कालच वारा पडला आणि मोटर खाडीच्या तोंडाशीच बंद पडली. शेवटी एका मासेमारी बोटीने 'पायापा'ला ओढून आणलं. धड धड धड! काळा धूर! शांततेसाठी आलेली एक बाई तर दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती.

घरी आई पाहुण्यांच्या चादरींना इस्त्री करत होती. तिचा हात चालू होता, डोळे मिटत होते. कोपऱ्यात टॉवेलांचा ढीग होता. त्या टॉवेलांचे हंस करून पाहुण्यांच्या पलंगांवर ठेवायचे, हे मारिकितचं सुट्टीतलं काम. आतापर्यंत किती हंस झाले कोण जाणे! खरा हंस दिसला तर त्याचीही घडी घालावी, इतका तिला त्यांचा कंटाळा आला होता.

"बाबा," जेवताना तिने हळूच विचारलं, "तुम्ही खरंच झोपता?"

"झोपतो." बाबांनी भाताचा घास तसाच हातात धरला. "रात्रभर नांगरावर नजर ठेवायची. दिवसभर पाहुण्यांपुढे हसतमुख राहायचं. आधी जोडीला एक माणूस होता, गेल्या वर्षी साहेबांनी त्याला कमी केलं. दुपारी पाहुणे बेटावर उतरले की डोळे आपोआप मिटतात बघ."

"सांगायचं ना साहेबांना!"

"काय सांगू? माणूस दमतो म्हणून?" बाबा थकून हसले. "पण एक कळत नाही. मी झोपतो, ऊन थोडंच झोपतं! मग बॅटऱ्या का भरत नाहीत?"

मारिकितचा चमचा हवेतच थांबला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला धुतलेल्या चादरी घेऊन मारिकित, ओन्योक आणि पिलिता वल्ही मारत निघाले. ओन्योकच्या मामाची होडी होती, दोन्ही बाजूंना बांबूचे लांब हात असलेली. ऊन असं की वल्ह्याची लाकडी मूठही चटके देत होती.

"मला घरी झोपायचं होतं," ओन्योक कुरकुरला. "सुट्टी आहे!"

"काल कुणी हिंमत काढली होती?" पिलिताने त्याला वल्ह्यानेच ढोसलं. "त्याची फळं भोग आता!"

"फळ कुठलं? माझं तुरोन गेलं!"

'पायापा' बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभी होती. पाहुणे किनाऱ्याजवळ पाण्यात डोकी घालून मासे बघत होते. खालच्या खोलीत बाबा गाढ झोपले होते, बूटसुद्धा न काढता. मारिकितने खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. ती दबक्या पावलांनी सुकाणूजवळ गेली आणि काचांतून किती वीज येते ते दाखवणाऱ्या मीटरपुढे बसली. तो वाचायला बाबांनी तिला केव्हाच शिकवलं होतं.

"काटा वर आहे," ती कुजबुजली. "म्हणजे काचा नीट काम करतायत."

"मग चला घरी!" ओन्योक म्हणाला.

"थांब रे!"

आणि तेवढ्यात काटा हलला. खाली आला. आणखी खाली!

"ढग आला का?" पिलिताने बाहेर डोकावून पाहिलं. आभाळ लख्ख होतं. ढगाचं नावही नाही!

थप. थप. डोक्यावर, छपरावर कुणीतरी अनवाणी चालत होतं. प्रत्येक थप झाली की काटा थोडा आणखी खाली!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शिडीकडे धाव घेतली. सगळ्यात आधी मारिकितचं डोकं वर गेलं. ती बघतच राहिली.

बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या चारिंग मावशी छपरावर उकिडव्या बसल्या होत्या आणि मधोमध चिरून उलगडलेले मासे सोलरच्या काचांवर ओळीने मांडत होत्या. अगदी रांगोळी काढावी तसे! डावीकडच्या काचेवर ओळी लागल्या होत्या, उजवीकडची अजून भरायची होती.

"मावशीऽ! हे काय?"

मावशी एवढ्या दचकल्या की हातातला मासा ओन्योकच्या डोक्यावर पडला.

"काय म्हणजे? मासे वाळवतेय!" मावशींनी मासा परत घेतला. "रविवारी पाहुण्यांना तळलेला सुका मासा दिला, तर ताटं चाटून पुसली त्यांनी! साहेब म्हणाले, चारिंग, आता रोज नाश्त्याला हाच. पण रोज वाळवू कुठे? खाली डेकवर पाहुणे लोळतात. इथे बघ, काच कशी तापते! मांजर नाही, वाळू नाही. पाहुणे तीनला येतात, त्याआधी मी सगळं उचलते."

"पण मावशी, या काचांवर ऊन पडलं तरच बोटीला वीज मिळते!"

"एवढं ऊन आहे बाई! माझ्या चार माशांनी काय संपणार आहे?" मावशी ठसक्यात म्हणाल्या. "आणि घाण नाही करत हो मी. रोज धुते काचा. गोडं पाणी वाया घालवत नाही, समुद्राचंच घेते बादलीभर."

पिलिताने काचेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "मीठ! नुसता थर बसलाय!"

मारिकितने मग त्यांना सगळं सांगितलं. डिझेलचं इंजिन, नवा कप्तान, बाबांची 'विश्रांती'. ऐकता ऐकता मावशींचा ठसका कुठल्या कुठे गेला. त्या मटकन खाली बसल्या.

"कादियोची नोकरी माझ्यामुळे चालली? आणि आता खरं सांगितलं की माझी जाणार!" त्यांनी पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. "या वयात नवी चूल कुठे शोधू गं?"

उन्हाने सगळ्यांनाच गळून गेल्यासारखं झालं होतं. मारिकितने खाली पाहिलं. बोटीच्या मागे त्यांची होडी पाण्यावर डुलत होती, बांबूचे दोन लांब हात पसरून. अख्खं ऊन अंगावर घेत!

"ओन्योक," ती एकदम ओरडली, "तुझ्या मामाकडे जुनं जाळं आहे?"

"आहे की. फाटकं. पण... मारिकित, तुझा चेहरा असा झाला की मलाच काम लागतं!"

त्या संध्याकाळी मारिकित सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. 

"साहेब, उद्या बारा वाजता बोटीवर या. हिंमत असेल तर!"

साहेबांनी भुवया उंचावल्या. पण आले!

शुक्रवारी बारा वाजता सगळे मीटरभोवती गोळा झाले. लाल डोळ्यांचे बाबा, ॲप्रनचं टोक पिळणाऱ्या मावशी आणि घाम पुसणारे साहेब. सकाळीच तिन्ही मुलांनी छपरावरच्या काचा गोड्या पाण्याने धुऊन ठेवल्या होत्या.

"काटा बघा, साहेब. कुठे आहे?"

"अरे! इतका वर?" बाबाच पुढे झुकले. "पाच दिवसांत असा पाहिला नाही!"

"पिलिता, ठेव!" मारिकितने छपराकडे बघून हाक दिली.

थप. थप. काटा घसरला.

"वरती चला आता!"

साहेब धापा टाकत शिडी चढले. काचेवर फक्त सहा मासे होते.

"सहा माशांनी एवढं होतं, साहेब. रोज दोनशे असायचे!" मारिकित म्हणाली. "काचेचा एक कोपरा झाकला, तरी तिची बरीचशी वीज अडते."

"चारिंग!" साहेब कडाडले. "तुला कुणी सांगितलं इथे मासे—"

"तुम्ही!" मारिकितने मध्येच म्हटलं. "रोज सुका मासा हवा म्हणालात. कुठे वाळवायचा ते कुठे सांगितलंत? आणि बाबांच्या जोडीचा माणूस काढलात. तो असता तर दुपारी वर कोण चढतंय हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं असतं. बोट आळशी नाही, साहेब. बाबाही आळशी नाहीत. दमलेत!"

साहेबांनी एक मासा उचलून खालची काच पाहिली.

"आणि मासे?" साहेबांनी विचारलं. आवाज खाली आला होता. "पाहुणे तर उद्याही मागणार."

"ते बघा!"

'पायापा'च्या मागे दोराने होडी बांधली होती. तिच्या बांबूंवर जुनं जाळं ताणलं होतं आणि जाळ्यावर ओळीने मासे चमकत होते. मधोमध ओन्योक टोपलीने माश्या हाकलत बसला होता.

"वाळवण तरंगतंय, साहेब!" तो ओरडला. "पण मला सावली द्या कुणीतरी, नाहीतर मीही वाळेन!"

साहेबांना हसू आवरेना. मग त्यांनी बाबांसमोर टोपी काढली. "कादियो, माझं चुकलं. डिझेल नको आणि नवा कप्तानही नको. जोडीला माणूस मात्र नव्या मोसमातच देता येईल." ते मारिकितकडे वळले. "पोरी, शहाण्या माणसांना पाच दिवसांत सुचलं नाही ते तू एका दुपारी शोधलंस. शाबास!"

बाबा पुढे आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोर ओढून खरखरीत झालेला तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी आईने इस्त्री बंद केली होती. आई, बाबा आणि मारिकित पायरीवर बसले होते. मारिकितच्या हातात ओन्योकचं तुरोन होतं. एका बाजूने चावलेलं, पण होतं! बाबांची मान सारखी पुढे झुकत होती. नवा मोसम यायला अजून कितीतरी महिने होते.

मारिकितने शेवटचा घास गिळला, बोटं चाटली आणि उठून दोघांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय! सुट्टी संपेपर्यंत रोज दहा ते तीन 'पायापा'ची राखण मी करणार. मीटर, काचा, नांगर, सगळं. पुढे शनिवार-रविवारीही येईन. बाबा, तुम्ही तेवढा वेळ झोपायचं. चोरून नाही, बूट काढून, पंखा लावून! आणि आई, उद्यापासून टॉवेलांचे हंस ओन्योक करेल. त्याला अजून माहीत नाहीये!"